एक स्त्री, तीन उपचारक आणि एक कॅमेरा

डॉक्टर शस्त्रक्रिया करतो तेव्हा शिकाऊ डॉक्टर टेबलाभोवती उभे राहून ती पाहू शकतात. सुतारकाम, विणकाम, स्वयंपाक, इतकेच काय शिकवणेसुद्धा पाहून शिकता येते. बी.एड.च्या वर्षात मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा पाठ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. मानसोपचार मात्र बंद दाराआड चालतो. आत दोन माणसे बसतात, पाऊण तास किंवा तासभर बोलतात. बाहेर आलेल्याला ‘काय झाले?’ असे विचारले तर ‘काही नाही, बोललो’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. नुसत्या बोलण्याने मनाचे दुखणे हलके होते, बिघडलेली नाती सुधारतात, असा मानसोपचाराचा दावा आहे. तो खरा असेल तर हे घडते कसे ते पाहायला मिळाले पाहिजे, आणि खरा नसेल तर तेही कळले पाहिजे.

‘थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी’, म्हणजे मानसोपचाराच्या तीन वाटा, ही अमेरिकेतली चित्रफीत नेमकी याच गरजेतून निघाली. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट शॉस्ट्रॉम यांनी १९६४ साली तिचे चित्रण केले आणि १९६५ पासून ती वर्गांतून दाखवली जाऊ लागली. मानसशास्त्र शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती पाहिली आहे. लोक तिला ‘ग्लोरिया फिल्म’ या नावानेच ओळखतात. मानसोपचार म्हणजे काय याचे अनेकांच्या मनातले पहिले चित्र तिने घडवले आहे. म्हणूनच तिचे परीक्षण व्हायला हवे. ती काय दाखवते, काय दाखवू शकत नाही, आणि मुलांच्या अडचणी रोज ऐकणाऱ्या शिक्षकाने तिच्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

तीन भेटी

चित्रफितीची मांडणी एखाद्या प्रयोगासारखी आहे. ग्लोरिया ही तीस वर्षांची, घटस्फोट झालेली, मुलांना वाढवणारी स्त्री. एकाच दिवशी ती तीन उपचारकांना भेटते. प्रत्येक उपचारक आधी आपली पद्धत थोडक्यात सांगतो, मग तिच्याशी बोलतो आणि शेवटी झालेल्या भेटीवर स्वतःच भाष्य करतो. तिघेही त्या काळातले मातब्बर. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७), फ्रिट्झ पर्ल्स (१८९३–१९७०) आणि अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या तिघांनीही आपापली स्वतंत्र उपचारपद्धती उभी केली होती.

पहिली भेट रॉजर्स यांच्याशी. ग्लोरियाचा प्रश्न साधा आणि अवघड आहे. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिला विचारले आहे की, बाबा वेगळे झाल्यापासून तुझे कोणा पुरुषाशी संबंध आले का? ग्लोरियाने ‘नाही’ म्हणून सांगितले. ते खोटे होते आणि ते तिला डाचते आहे. खरे सांगितले तर मुलीच्या मनावर वाईट परिणाम होईल का, याचे सरळ उत्तर तिला तज्ज्ञाकडून हवे आहे. ती ते पुन्हा पुन्हा मागते. रॉजर्स देत नाहीत. तिच्या बोलण्यातली भीती, तिला स्वतःबद्दल वाटणारी शरम, मुलीशी खरे वागण्याची ओढ, हे सारे ते आपल्या शब्दांत तिच्यापुढे मांडत राहतात. हळूहळू ग्लोरियाच बोलू लागते. तिला मुलीच्या प्रतिक्रियेइतकीच भीती स्वतःला स्वीकारण्याची वाटते आहे, हे तिच्याच तोंडून येते. शेवटी ती सांगते की आपल्या वडिलांशी असे कधी बोलता आले नाही, तुमच्यासारखे वडील असते तर बरे झाले असते. त्यावर रॉजर्स उत्तर देतात की मलाही तू चांगली मुलगी वाटतेस.

दुसरी भेट अगदी वेगळी. पर्ल्स यांची गेस्टाल्ट पद्धत भूतकाळ उकरत नाही. या क्षणी समोर काय घडते आहे तेवढेच ती पाहते. ग्लोरिया म्हणते, मला भीती वाटते आहे. पर्ल्स लगेच दाखवून देतात की भीती वाटते असे म्हणताना तू हसते आहेस. तिच्या हातापायांची हालचाल, आवाज, बसणे यांतले काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तू सोंग करतेस, असे ते तिला तोंडावर सांगतात. ती चिडते, त्यांना सुनावते. तिने सुनवावे हाच त्यांचा हेतू असतो. तिच्या चेहऱ्यावरचे गोड हसू गळून पडावे आणि राग उघड्यावर यावा, अशी त्यांची खटपट आहे.

तिसरी भेट एलिस यांच्याशी. विवेकनिष्ठ विचारसरणीचे कि. मो. फडके यांच्यामुळे एलिस हे नाव मराठी वाचकाला परके नाही. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटनेबद्दल आपण स्वतःशी जे म्हणतो त्यातून दुःख निर्माण होते, हे त्यांचे मुख्य सूत्र. मनापासून आवडणाऱ्या पुरुषांसमोर आपण बावरतो आणि उथळ बोलतो, अशी ग्लोरियाची तक्रार. एलिस झरझर विश्लेषण करतात. आपण नाकारले गेलो तर ते भयंकर, मग आपण कवडीमोलाच्या, असे काहीतरी तू मनात म्हणत असतेस. ते तपासून पाहा आणि धोका पत्करून ओळख वाढवून पाहा, असा गृहपाठ ते देतात. या भेटीत एलिस फार बोलतात. अर्ध्या तासात आपण फार काही कोंबायला गेलो, हे एलिस यांनाही पुढे जाणवले होते.

‘निकाल’ लावायचा कसा?

चित्रफीत संपल्यावर वर्गात हमखास एक चर्चा होते. तिघांत चांगला कोण? तशी मोहनी चित्रफितीच्या रचनेतच आहे. शेवटी शॉस्ट्रॉम ग्लोरियाचे मत विचारतात, आणि त्या वेळी ती पर्ल्स यांच्या बाजूने कौल देते. काही काळाने चित्र पालटते. पुढे रॉजर्स यांच्या एका शिबिरात ती आली आणि पर्ल्स यांच्याशी झालेल्या भेटीबद्दल तिने उघड संताप व्यक्त केला. रॉजर्स आणि त्यांच्या पत्नीशी मात्र तिचे नाते जुळले. तुम्ही माझे मानलेले आईवडील व्हाल का, असे तिने विचारले आणि त्यांनी होकार दिला. १९७९ साली तिचा मृत्यू झाला. तोवर, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, ती त्यांना अधूनमधून पत्रे लिहीत होती.

मग खरा निकाल कोणता? त्या दिवशीचा की पंधरा वर्षांनंतरचा? विज्ञान शिकवणाऱ्याला येथे थांबावेच लागेल. नववीतल्या मुलाने असा प्रयोग प्रयोगवहीत लिहून आणला तर आपण लाल शाईने काय काय शेरे मारू?

पहिला शेरा, नमुना एकच. ग्लोरिया बोलकी, हुशार, भावना शब्दांत मांडू शकणारी स्त्री आहे. तिच्यावरून घुम्या माणसाबद्दल, खोल नैराश्यात गेलेल्याबद्दल किंवा अकरा वर्षांच्या मुलाबद्दल काही सांगता येत नाही. दुसरा शेरा, क्रमाचा. तिन्ही भेटी एका दिवसातल्या. रॉजर्स यांना ताजीतवानी ग्लोरिया भेटली, एलिस यांना दिवसभर कॅमेऱ्यासमोर मन उघडे करून दमलेली. पर्ल्स यांच्याशी ती चिडून बोलली याला पर्ल्स किती कारण आणि नुकतीच रॉजर्स यांच्याकडे मिळालेली ऊब किती कारण, हे वेगळे करता येत नाही. तिसरा शेरा, तुलनेसाठी गटच नाही. कोणाशीही न बोलता ती घरी बसली असती तर महिन्याभराने तिला कसे वाटले असते? चौथा शेरा, मोजमाप. उपचाराचा परिणाम काय झाला हे चित्रफीत मोजतच नाही. अर्ध्या तासाची भेट कशी वाटली एवढेच विचारते. चांगले वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दात काढताना चांगले वाटत नाही, आणि दारू पिताना वाटते.

म्हणजे प्रयोग म्हणून ही चित्रफीत नापास होते. तिघांत श्रेष्ठ कोण, या तिनेच उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नाही. दोष केवळ शॉस्ट्रॉम यांचा नाही. उदाहरण म्हणून दाखवलेली गोष्ट पुरावा म्हणून वाचण्याची आपली सवयही येथे नडते.

चित्रफितीबाहेरचा पुरावा

या प्रश्नावर खरा वाद चित्रफितीच्या आधीच सुरू झाला होता. १९५२ साली लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी २४ अहवालांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र केली. चिंता, भीती अशा तक्रारींचे हे रुग्ण होते. त्यांचा निष्कर्ष खळबळजनक होता. उपचार झालेल्यांपैकी जितके सुधारले, साधारण तितकेच, म्हणजे दोन तृतीयांश, औपचारिक मानसोपचार न घेताही दोनेक वर्षांत सुधारतात. मग मानसोपचाराने साधले काय? सर्दी औषध घेतले तर सात दिवसांत जाते आणि न घेतले तर आठवड्यात, तसाच हा प्रकार.

आयसेंक यांच्या तुलनेत दोष होते. उपचार घेतलेले आणि न घेतलेले गट एकसारखे नव्हते, ‘सुधारणा’ कशाला म्हणायचे याची मापे वेगवेगळी होती. पण त्यांचा प्रश्न बिनतोड होता. माणूस मदत मागायला जातो ते बहुधा अगदी वाईट दिवसांत. लाट सर्वांत उंच असते तेव्हा तिच्यापुढे उतारच असतो. हा नैसर्गिक उतार वजा केल्याशिवाय उपचाराचे श्रेय ठरवता येत नाही. त्यासाठी एकसारख्या माणसांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट करायला हवेत.

अशा तुलनात्मक अभ्यासांची संख्या वाढत गेली. १९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी अशा ३७५ अभ्यासांचे निकाल एका मापावर आणून त्यांची सरासरी काढली. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरांपैकी ७५ जणांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. उपचाराचा काहीच परिणाम नसता तर हा आकडा ५० आला असता. निरनिराळ्या पद्धतींमधला फरक मात्र फारच थोडा निघाला. यावरही टीका झाली. चांगले-वाईट अभ्यास एकाच टोपलीत घातले, असा एक आक्षेप. फसलेले अभ्यास छापलेच जात नाहीत, त्यामुळे सरासरी फुगते, असा दुसरा. तो नंतरच्या पडताळण्यांत बराचसा खरा ठरला. फुगवटा काढून टाकल्यावर परिणाम लहान होतो, पण शून्य होत नाही.

‘फरक थोडा’ याचा अर्थ ‘काहीही करा, चालते’ असा नाही. पुन्हा पुन्हा हात धुण्यासारख्या अनिवार कृतींच्या विकारात, ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जाणे आणि ती कृती करण्याचे टाळणे, ही ठरावीक पद्धत नुसत्या आधाराच्या बोलण्यापेक्षा खात्रीने जास्त उपयोगी पडते. उलट, एखाद्या आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेले सगळे तपशिलात बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार गाजली. तपासणीत तिचा फायदा दिसला नाही, आणि काही अभ्यासांत तोटाच दिसला. बोलणे नेहमी निर्धोक असते, हा समजही सोडून द्यावा लागतो.

आपल्या शेजारचे एक उदाहरण पाहू. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापले गेले. तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना केंद्रातली नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ भेटींचा बोलण्याचा उपचार मिळाला. तो देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. ते आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करत, एकमेकांच्या भेटी ऐकून गुण देत आणि चुका सुधारत. तीन महिन्यांनी, कोण कोणत्या गटात हे ठाऊक नसलेल्या लोकांनी मोजणी केली. उपचाराच्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

हे दोन्ही आकडे नीट वाचायला हवेत. ३९ म्हणजे आयसेंक यांचा प्रश्न. बोलण्याच्या उपचाराशिवायही इतके लोक सुधारतातच. ६४ वजा ३९ म्हणजे २५, हे उपचाराचे खरे श्रेय. म्हणजे साधारण चार जणांवर उपचार केले की एक जण असा बरा होतो, जो एरवी झाला नसता. वैद्यकात हा चांगला परिणाम समजतात. नात्यांच्या दृष्टीने आणखी एक निकाल मोलाचा आहे. उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये जोडीदाराकडून मारहाण झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले.

मग बोलण्याने होते तरी काय?

आता पुन्हा चित्रफितीकडे वळू. प्रयोग म्हणून ती नापास झाली, तरी निरीक्षण म्हणून तिचे मोल मोठे आहे. उपचार का लागू पडतो याचे दुवे तिच्यात डोळ्यांना दिसतात. मात्र त्यासाठी ‘चांगला कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवून ती पुन्हा पाहावी लागते.

रॉजर्स यांच्या भेटीत पाहण्यासारखे आहे ते हे की, ग्लोरियाने मोठ्या शरमेने सांगितलेल्या गोष्टीवर समोरचा माणूस दचकत नाही, उपदेश करत नाही, समजूतही घालत नाही. शरम टिकते ती लपवल्यामुळे. लपवलेली गोष्ट उघड केली आणि तरी समोरचा उठून गेला नाही, हा अनुभवच नवा असतो. रॉजर्स यांनी १९५७ च्या एका लेखात उपचारकाच्या अंगी तीन गोष्टी हव्यात असे मांडले होते. सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती. एवढ्याने सगळ्यांचे भागते, हा त्यांचा दावा टिकला नाही. अनिवार कृतींचे उदाहरण आपण वर पाहिलेच. पण उपचारक आणि रुग्ण यांच्यातले विश्वासाचे नाते जितके चांगले तितका परिणाम चांगला, हा संबंध पुढच्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळला आहे.

पर्ल्स यांच्या भेटीत दिसते ते असे की, माणूस बाहेरच्या नात्यांत जसा वागतो तसाच तो त्या खोलीतही वागू लागतो. ग्लोरिया पुरुषांसमोर गोड हसून आपली भीती झाकते, अशी तिचीच तक्रार आहे. तेच ती पर्ल्स यांच्यासमोर करते. म्हणजे तिचे नात्यांचे दुखणे तेथे प्रत्यक्ष हजर होते. बाहेर नवरा, आई किंवा साहेब अशा वागण्यावर ठरावीक प्रतिक्रिया देतात आणि जुने चक्र चालू राहते. खोलीत उपचारक ती प्रतिक्रिया देत नाही, चक्राकडे बोट दाखवतो. पर्ल्स यांचे निदान अचूक आहे. पण अचूक निदान ऐकून घेण्याची ताकद माणसात येते ती आधी सुरक्षित वाटले तर. अनोळखी स्त्रीला पहिल्याच भेटीत, कॅमेऱ्यासमोर ढोंगी ठरवणे यात मला उपचारापेक्षा प्रात्यक्षिकाचा सोस अधिक दिसतो. ग्लोरियाचा नंतरचा संताप पाहता ही किंमत तिने मोजली, असेच म्हणावे लागते.

एलिस यांच्या भेटीतला दुवा विचारांचा. दहावीतली एखादी मुलगी चाचणीत गणितात नापास होते आणि आठवडाभर जेवत नाही. नापास होण्याने तिला वाईट वाटेल, पण जेवण तुटते ते ‘मी कोणत्याच लायकीची नाही, आता सगळे संपले’ या वाक्याने. या वाक्याचा पुरावा काय, असे विचारता येते. एका चाचणीवरून सगळ्या लायकीचा निष्कर्ष काढणे हे तर्कदृष्ट्या चुकीचे आहे, हे तिला तिच्याच इतर अनुभवांवरून पडताळता येते. पुढची पायरी कृतीची. टाळत असलेली गोष्ट थोडी थोडी करून पाहायची. एलिस यांचा गृहपाठ तोच, आणि गोव्यातल्या उपचाराचा गाभाही कृतीचाच होता. निराश माणूस कामे आणि माणसे टाळतो, टाळल्याने आनंदाचे उरलेसुरले प्रसंगही आटतात, त्याने तो अधिक निराश होतो. छोट्या, ठरवून केलेल्या कृतींनी हे चक्र उलटे फिरवायचे. एलिस यांची पद्धत त्या अर्ध्या तासात फिकी वाटते याचे कारणही येथेच आहे. तिचे खरे काम खोलीबाहेर, पुढच्या आठवड्यात व्हायचे असते. तेथे कॅमेरा नव्हता.

चित्रफितीची सर्वांत मोठी उणीव हीच. नाते बांधायला, विश्वासाला तडा गेला तर तो सांधायला, गृहपाठ फसला तर पुन्हा करायला वेळ लागतो. पहिली भेट म्हणजे सगळा उपचार नव्हे, पहिला तास म्हणजे सगळा अभ्यासक्रम नव्हे तसे. ही चित्रफीत पाहून अनेकांच्या मनात मानसोपचाराची प्रतिमा एका चमकदार भेटीची बनते. एका वाक्यात मन मोकळे झाले आणि आयुष्य बदलले, असे प्रसंग चित्रपटांतही आपण पाहतो. प्रत्यक्षातले काम संथ असते.

कॅमेऱ्याची किंमत

एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. बंद दार उघडण्याचे श्रेय रॉजर्स यांना आधीच मिळालेले होते. १९४२ साली त्यांनी आपल्या पुस्तकात एका संपूर्ण उपचाराचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर छापला. उपचार म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या नाही, ती तपासता आली पाहिजे, ही भूमिका त्यामागे होती. विज्ञानाच्या दृष्टीने ती योग्यच होती. तेथे रुग्णाचे खरे नाव मात्र नव्हते, आणि चेहराही नव्हता.

ग्लोरियाचा चेहरा आहे. ती शॉस्ट्रॉम यांच्याकडे उपचार घेत होती. आपल्याच उपचारकाने मागितलेल्या परवानगीला नाही म्हणणे रुग्णाला किती सोपे असते? शिवाय शिकवण्यासाठी म्हणून केलेले चित्रण पुढे कोठवर जाईल, हे १९६४ साली ती कसे जाणणार? आज आंतरजालावर तिचे भाग कोणीही पाहू शकतो. तिला एकट्याने आपल्या त्या अर्ध्या तासाचे ओझे वाहावे लागले असेही नाही. नऊ वर्षांच्या एका मुलीने आईला घरात विचारलेला प्रश्न साऱ्या जगातल्या मानसशास्त्राच्या वर्गांत चर्चेचा विषय झाला. नऊ वर्षांच्या मुलीची खरी संमती घेताच येत नाही. त्याच मुलीने मोठेपणी, २००८ साली, या चित्रफितीच्या सावलीतल्या आपल्या घराबद्दल पुस्तक लिहिले. आईने मुलीशी खरे बोलावे की नाही, याची चर्चा करणाऱ्या तिघा जाणत्यांपैकी कोणीही चित्रफितीत त्या मुलीच्या खासगीपणाचा प्रश्न काढत नाही.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र कायद्याच्या आधी ही साधी समज हवी की सांगणाऱ्याने सांगितले ते एका माणसाला, एका खोलीत.

शिक्षकाने काय घ्यावे?

शिक्षक हा उपचारक नाही आणि त्याने तसे होऊही नये. साठ मुलांच्या वर्गात ते शक्य नाही. ज्याच्या हातात गुण देणे असते त्याच्यापुढे मूल पूर्ण मोकळे होणेही कठीण. पण मुलांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा शिक्षकच असतो. त्या दृष्टीने चित्रफितीतून चार गोष्टी घेता येतील.

उत्तर देण्याची घाई करू नये. ‘त्यात काय एवढे’ आणि ‘अभ्यासात लक्ष घाल’ ही दोन वाक्ये संवाद तेथेच संपवतात. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून, ‘असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारणे एवढ्यानेही पुष्कळ होते. मुलाने एखादी अतिरेकी समजूत करून घेतली असेल तर तिची थट्टा न करता पुरावा विचारावा. निदान मात्र करू नये. पर्ल्स यांच्यासारखी तीक्ष्ण नजर असली तरी मुलाच्या वागण्यातले सोंग चारचौघांत उघडे पाडू नये. आणि ऐकलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटू नये. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असलेल्या आजच्या दिवसांत हे जास्तच लागू आहे.

गोपनीयतेला एक अपवाद आहे. मूल जीव देण्याबद्दल बोलत असेल किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल तर ते गुपित ठेवायचे नसते, आणि तसे मुलाला आधीच सांगायचे असते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा पत्ता शिक्षकाला ठाऊक असावा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेला असावा.

ही चित्रफीत दाखवावी का? मोठ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात जरूर दाखवावी, पण दोन अटींवर. पाहून झाल्यावर ‘कोण जिंकले’ असे विचारू नये. ‘यावरून काय सिद्ध होत नाही?’ असे विचारावे. वैज्ञानिक पद्धतीचा इतका चांगला धडा सहजासहजी मिळत नाही. आणि पडद्यावरची स्त्री हे उदाहरण नव्हते, एक खरे माणूस होते, तिच्या घरी एक मूल वाट पाहत होते, हे सुरुवातीलाच सांगावे. मग ऐकणे म्हणजे काय, याचा पाठ चित्रफीत सुरू होण्यापूर्वीच सुरू झालेला असेल.